टॉवर फुल्ल होता

आमच्या भागात फोनवरच्या उभ्या काड्यांना टॉवर म्हणतात. "टॉवर हाय का?" असं कुणी विचारलं की माणूस खिशातून फोन काढून काड्या बघतो. सगळ्या काड्या दिसल्या की टॉवर फुल्ल. मग फोन लागला नाही तर दोष लावणाऱ्याचा, असा इथला समज. मी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली. हा समज खोटा आहे हे गावात मला एकट्याला नीट माहीत होतं. तरी त्या समजापायी एका माणसाला मी कितीतरी वर्षं त्याच्या आईसमोर खोटा ठरू दिलं. तो खोटा नव्हता. काय झालं ते आता सरळ सांगतो.

गंगाखेड सोडून डोंगरपट्ट्याकडं निघालं की आमचं गाव लागतं. मोठं गाव उंचवट्यावर, आणि ओढ्याच्या अलीकडं विहाराभोवती आमची बौद्ध वस्ती. वस्तीच्या टोकाला मी निवृत्तीनंतर स्लॅबचं घर बांधलं. त्याच्या पुढं शेतं सुरू होतात. पहिलं शेत माझ्या शाळासोबत्याचं. तो मराठ्याचा, मी वस्तीतला. पण चौथीपर्यंत एका गोणपाटावर बसलो होतो, आणि ते तो विसरला नव्हता. मी नोकरीवरून सुटीला आलो की बांधावरून ओरडायचा, "काय सायब, आज कुणाच्या तारा तोडल्या?" त्याचा एकुलता एक मुलगा मला काका म्हणायचा.

परभणीला असताना एकदा वायरलेस तपासणीचे अधिकारी बाहेरून आले होते. सेलूकडं एका टॉवरवर सतत गोंधळ होत होता, फोन तुटत होते. वाट दाखवायला खात्यानं मला सोबत दिलं. जीपच्या टपावर अँटेना, आत कानाला यंत्र लावून बसलेला अधिकारी. गल्लीबोळ फिरत आम्ही एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरापाशी पोचलो. त्यानं आपल्या दिवाणखान्यात टॉवर यावा म्हणून बाजारातून सिग्नल वाढवायची पेटी आणून बसवली होती. बिनापरवाना. व्यापारी म्हणाला, "माझ्या घरात मी काय लावावं हे सरकार सांगणार का?" अधिकारी शांतपणे म्हणाला, "शेठजी, घर तुमचं आहे. हवा तुमची नाही."

परत येताना त्यानं मला समजावलं होतं. हवेतल्या लहरींचे पट्टे पाडलेले असतात. सरकार त्यांचा लिलाव करतं, कंपन्या परवाना घेतात, आणि ज्याचा पट्टा त्यानंच वापरायचा. मी म्हणालो, "म्हणजे हवेला बांध आहेत." तो हसला. आमच्याकडं वीतभर बांध कोरला म्हणून भाऊ भावाच्या अंगावर धावून जातो. त्यामुळं मला ते पक्कं समजलं. नंतर वस्तीत मी हे बऱ्याच जणांना मोठ्या ऐटीत सांगितलंही.

आणि मग मी स्वतः तशीच पेटी आणली.

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती. माझ्या बायकोचे गुडघे गेलेले. घरात काड्याच येत नसत, म्हणून फोन घेऊन तिला कुंपणाच्या भिंतीपाशी उभं राहावं लागे. दोन वाक्यं झाली की फोन तुटे आणि ती तिथंच हातात फोन धरून उभी राही. मला ते बघवेना. शहरात गेलो तेव्हा दुकानदारानं पेटी बांधून दिली. "परवान्याचं?" असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काका, तुमच्या गावात कोण येतंय बघायला?" माझ्याही मनात तेच होतं.

एक अँटेना गच्चीवर, टॉवरकडं तोंड करून. तिथून वायर पेटीत. पेटीतून दुसरी अँटेना आतल्या खोलीत. घरात टॉवर फुल्ल झाला. बायको खाटेवर बसून लेकीशी तासभर बोलू लागली. पहिल्या दिवशी तिनं फोन ठेवल्यावर माझ्याकडं असं बघितलं, जणू एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिला इतकं मोठं काही दिलं नव्हतं.

उन्हाळा आला. स्लॅब तापला. गच्चीवर मी पत्र्याचं शेड घातलं होतं, तिथं वारा यायचा, म्हणून बायको दिवसभर तिथं बसू लागली. मी आतली अँटेना काढून त्या शेडमध्ये नेऊन बांधली. आता दोन्ही अँटेना एकाच गच्चीवर आल्या. असं करायचं नसतं. लग्नात माईक घेतलेला माणूस भोंग्यासमोर गेला की कान फाटेस्तोवर चिरकतं ना, तसंच होतं. पेटी आपलाच आवाज ऐकते, तो वाढवते, पुन्हा ऐकते. फरक एवढाच, की हे चिरकणं माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. टॉवरला ऐकू येतं.

फोनला दोन कामं असतात, ऐकणं आणि बोलणं. टॉवर जोरात बोलतो, ते फोनला सहज ऐकू येतं. काड्या तेवढंच दाखवतात. फोन मात्र कुजबुजतो. माझी पेटी नेमकी त्या कुजबुजीच्या पट्ट्यात ओरडत होती. म्हणजे सगळ्या गावाच्या फोनवर टॉवर फुल्ल, आणि टॉवरला गावातलं कुणीच ऐकू येत नाही. माझ्या घरातले फोन त्याच पेटीतून मोठे होऊन जात, म्हणून ते तेवढे लागत. पेटी कधी चिरके, कधी थांबे. इथं फोन तुटणं नवीन नाही, म्हणून कुणी तक्रार केली नाही. मी काम नीट झालं की नाही हे तपासायला हवं होतं. मी माझ्याच फोनवरून माझ्याच लेकीला लावून बघितलं आणि खूश झालो.

त्याच आठवड्यात, ऐन उन्हाच्या दुपारी, माझा सोबती त्याच्या आखाड्यावर छाती धरून खाली बसला. शेतातल्या गोठ्याला, खोपटाला आमच्याकडं आखाडा म्हणतात. तो शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, खिंडीच्या अंगाला; माझ्या गच्चीवरून लांबून दिसतो. जवळ मुलगा एकटाच होता. मोटारसायकल गंगाखेडला दुरुस्तीला टाकलेली. त्यानं फोन लावला. लागेना. टॉवर फुल्ल. पुन्हा लावला. बापाला बाभळीच्या सावलीत घेतलं, पाणी पाजलं, आणि फोन कानाला लावून रस्त्यापर्यंत पळाला. लागेना. रस्त्यावर त्या उन्हात चिटपाखरू नव्हतं. मग तो खिंडीकडं पळाला. खिंडीच्या वर फोन दुसरा टॉवर धरतो. तिथं फोन लागला, जीप आली. पण तोवर बापाचं शरीर थंड पडायला लागलं होतं. पोरानं फोन दगडावर आपटला. त्याचे तुकडे तिथंच पडले.

हे सगळं मी त्यांच्या अंगणात ऐकलं. माणसं जमली होती. आई भिंतीला टेकून बसलेली. चुलता, म्हणजे मयताचा धाकटा भाऊ, सगळ्यांसमोर पोराला विचारत होता.

"फोन लागंना म्हनतूस. टॉवर व्हता का?"

"व्हता."

"किती?"

"फुल्ल."

"फुल्ल टॉवर आन् फोन लागंना? लेकरं बी हासतील, बाबा."

पोरगा आजूबाजूला बघू लागला. कुणीतरी हो म्हणेल, असं त्याला वाटत असावं. माझ्यावर त्याची नजर आली. टेलिफोनवाले काका. मी सांगू शकलो असतो. मला तिथंच, त्या वाक्याला, सगळं कळलं होतं. मी मान खाली घातली आणि चपला शोधू लागलो.

घरी आलो तर बायको गच्चीवर. पेटीचा हिरवा दिवा चालू. मी वायर उपसायला हात लावला आणि थांबलो. संध्याकाळी लेकीचा फोन यायचा होता. मी पेटी तशीच ठेवली. अँटेना मात्र खाली खोलीत नेऊन लावली.

बापलेकात त्याच्या आठ दिवस आधी बोअरच्या जागेवरून भांडण झालं होतं, पारावर ऐकू गेलं होतं. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. चुलत्यानं ओळखीपाळखीनं कंपनीकडची नोंद काढवली. त्यात त्या दुपारचा एकच फोन होता, खिंडीतून, जीपवाल्याला. त्याआधी काहीच नाही. असणार कसं? टॉवरनं ऐकलंच नव्हतं, तर लिहिणार कोण? पण चुलता तो कागद घरोघर दाखवत फिरला. "बाप तडफडायलाय आन् ह्यो बसून बघायलाय. मंग सावकाश गेला खिंडीत. फोन फोडला तो बी उगं न्हाई फोडला."

आईनं त्या कागदावर विश्वास ठेवला. ती चुलत्याच्या घरी राहायला गेली. लेकाच्या घराकडं तोंड करून बसेनाशी झाली.

पुढं थोड्याच दिवसांत कंपनीच्या तक्रारीवरून तपासणीची गाडी आली. टपावर तशीच अँटेना. वस्तीतून एक चक्कर मारून गाडी माझ्या दारात थांबली. अधिकारी तरुण होता. गच्चीवर गेला, खाली आला, पेटी हातात घेतली. "काका, तुम्ही खात्यातले. तुम्हाला मी काय सांगू?" एवढंच बोलला. कायद्यात यासाठी काय शिक्षा आहे ते मला पाठ होतं. त्यानं माझ्या वयाकडं बघितलं, लिहून घेतलं, सामान जप्त केलं आणि पुन्हा असं करू नका म्हणाला. बाहेर माणसं जमली होती. "काय झालं हो?" मी म्हणालो, "काही नाही, टॉवरची तपासणी आहे. मला जुना माणूस म्हणून विचारायला आले होते." लोकांनी मान डोलावली. माझा मानच वाढला.

का बोललो नाही? मी स्वतःला एक कारण दिलं होतं. वस्तीतल्या माणसामुळं मोठ्या गावातला माणूस गेला, असं झालं तर त्याचा राग माझ्या एकट्यावर निघणार नाही, सगळ्या वस्तीवर निघेल. विहाराच्या जागेवरून आधीच कुरबुर चालू होती. ही भीती खरी होती. पण ती मी आडोसा म्हणून वापरली. माझी खरी भीती इज्जतीची होती.

पोरानं नवा फोन घेतला. तेव्हापासून तो रोज सकाळी आखाड्यावर पोचला की मला मिस्ड कॉल द्यायचा. फोन लागतो की नाही हे बघायला. मला, कारण मी टेलिफोनवाला. एकदा वाजून बंद. मी घास घेत असायचो, अंघोळीला निघालेलो असायचो, फोन वाजायचा आणि मी हातातलं तसंच टाकून फोनकडं बघत राहायचो. कधी भेटला तर विचारायचा, "काका, लागला व्हता न सकाळी?" मी म्हणायचो, "लागला होता."

बायकोला सगळं माहीत होतं. फोन वाजला की ती माझ्याकडं न बघता म्हणायची, "आलं बघा तुमचं बोलावणं." एकदा म्हणाली, "आवो, माझ्यासाठी केलंत तुमी ते. मंग मीच जाऊन सांगते त्येच्या मायला." मी तिच्यावर ओरडलो. इतका ओरडलो की शेजारीण आली. त्यानंतर तिनं लेकीशी फोनवर बोलणं कमी केलं. पेटी नव्हती, पण गावात नवा टॉवर झाला होता, घरात चांगलं ऐकू यायचं; तरी ती दोन वाक्यं बोलून फोन ठेवायची. गेल्या वर्षी ती गेली. तेव्हापासून मी गच्चीवर जात नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवरून आखाडा दिसतो, आणि बाभळीखाली कुणी उभं आहे असं वाटतं. तिथं कुणी नसतं, हे मला माहीत आहे.

यंदा पोराच्या आईनं अंथरूण धरलं. दवाखाना झाला, पण अन्न जाईना. आणि तिनं सगळ्यांसमोर सांगून ठेवलं, की मला अग्नी पुतण्यानं द्यावा. लेकानं हात लावू नये. 

हे मला पोरानंच येऊन सांगितलं. पोरगा तरी कसला. आता कानशिलं पिकलीत. ओट्यावर बसला, चहा घेतला नाही. "काका, मी काही मागायला आलो न्हाई. कुणाला तरी सांगावं म्हनून आलो." मग म्हणाला, "खरं सांगू? आता मलाबी शक येतो. कंपनीच्या कागदात न्हाई, तर मी नंबर दाबलेच नसतील. घाबरून नुसतंच कानाला लावून पळालो असंल. बाप मला बघायलाय आन् मी काय करायलोय, मलाच आठवंना झालंय."

मी त्याच्याकडं बघू शकलो नाही. जमिनीकडं बघत सांगितलं. पेटी, दोन अँटेना, चिरकणं, काड्या, सगळं. मी थांबलो तेव्हा त्यानं विचारलं, "त्या दुपारी तुमच्या घरातले फोन लागत व्हते?"

"होय."

"कुणी लावला व्हता?"

"मुलीचा आला होता."

"काय म्हनली?"

"तिच्या आईला विचारत होती. लोणच्याचं. कैऱ्यांना मीठ किती घालायचं ते."

"किती वेळ बोलल्या?"

"बराच वेळ."

त्याचे हात गुडघ्यांवर होते, ते त्यानं घट्ट आवळले. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला आणि दुसरीकडं बघत म्हणाला, "उद्या मायपाशी चला. हे समदं सांगा. लोणच्याचंबी सांगा."

दुसऱ्या दिवशी चुलत्याच्या घरी गेलो. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. पोरगा उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. आत कुणी ये म्हणालं नाही. मी बोलायला लागलो तसा चुलता हसला.

"सायब, वय झालं तुमचं. कंपनीनं लिहून दिलंय. की ह्यानं पढवून आनलंय तुमाला?"

"मला कुणी पढवलं नाही. माझी पेटी सरकारनं जप्त केली, त्या दिवशी तुम्हीच दारात उभे होता. मी तपासणी म्हणून सांगितलं. ते खोटं होतं."

"खामखा मेलेल्याचं नाव कशाला काढता आता—"

"तुमी थांबा भाऊजी," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण तो थांबला. "बोला तुमी."

मी शेवटपर्यंत सांगितलं. लोणच्याचंही सांगितलं. ती छताकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "घातलं का मंग तिनं लोनचं?"

"घातलं."

"बरं झालं," ती म्हणाली. यात टोमणा होता की नव्हता, मी अजून ठरवू शकलेलो नाही. मग तिनं मान दाराकडं वळवली आणि किती वर्षांनी तरी लेकाशी बोलली. "फोन का फोडलास रे?"

"लागंना म्हनून, माय."

हेच उत्तर त्यानं पहिल्या दिवशी दिलं होतं, याच शब्दांत. तेव्हा ते कुणालाच पटलं नव्हतं. ती उठायला लागली. चुलत्याची सून धावली, तिला तिनं हातानं बाजूला केलं. चुलता म्हणाला, "वहिनी, कुठं जायलाव?" ती म्हणाली, "माझ्या घरी." पोरगा उंबरा ओलांडून आत आला आणि त्यानं तिला पाठीवर घेतलं. माझ्या अंगावरून दोघं गेली. माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

वस्तीवर काही आलं नाही. विहारात दोन-तीन माणसं माझ्याशी बोलायची थांबलीत. ते बरोबर आहे. चुलता अजून म्हणतो, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. म्हणून पोरगा पुन्हा आला आणि म्हणाला, "लिहून द्या. तुमी गेल्यावर परत कुनी कागद घेऊन फिराया नको." त्याला मी सहीनिशी लिहून दिलं, नावांसकट. इथं नावं घातली नाहीत. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

त्यानं तो कागद माझ्यासमोर उभं राहूनच वाचला. हळूहळू, बोट फिरवत. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं तुमी नुसतं 'फोन लावला' लिहिलंय. मला आता आठवायलंय समदं. आधी सरकारी दवाखान्याच्या गाडीला लावला. मंग जीपवाल्याला. मंग चुलत्याला लावला. चुलत्याला तर लय येळा लावला, काका. त्योच सगळ्यात जवळचा मानूस व्हता."

चुलत्याला लावला होता, हे त्यानं इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्याच ते ध्यानात राहिलं नव्हतं. मी कागद परत घेतला, आणि तो सांगत गेला तसं, त्याच क्रमानं, खाली लिहीत गेलो.